मित्राशी कसे बोलावे? व्यसनमुक्तीच्या इतिहासातला एक धडा

मुंबईहून जुन्या रस्त्याने पुण्याकडे निघाले, की पनवेल मागे पडल्यावर आणि खोपोली यायच्या आधी लोधिवली लागते. खालापूर तालुक्यातले हे गाव. जवळच पाताळगंगेच्या काठचे कारखाने, आजूबाजूला भातखाचरे आणि मधून अखंड वाहणारा रस्ता. मागच्या वर्षी या परिसरातल्या विज्ञान शिक्षकांबरोबर आम्ही एक दिवस घालवला. विषय होता कमी खर्चातले रसायनशास्त्राचे प्रयोग. दुपारी स्पिरिटचे दिवे विझवून साहित्य आवरत असताना एक शिक्षक मागे थांबले.

"या स्पिरिटबद्दल नाही, प्यायच्या दारूबद्दल विचारायचं होतं," ते म्हणाले. "आमच्या शाळेत एक सर आहेत. माझे जुने मित्र. गणित शिकवावं तर त्यांनीच. पण आता पहिल्या तासालाच तोंडाला वास येतो. त्यांचे तास आम्ही घेतो, मुख्याध्यापकांना काहीबाही कारण सांगतो. व्यसनमुक्ती केंद्रात जा असं त्यांना सांगायचं आहे. पण सांगायचं कसं?"

या प्रश्नाने आम्ही जरा ओशाळलो. कारण असा प्रसंग आमच्यावरही एकदा आला होता आणि आम्ही तो पार बिघडवला होता. आमच्या महाविद्यालयातल्या एका मित्राचे पिणे हाताबाहेर गेले, तेव्हा आम्ही तिघे-चौघे मिळून त्याच्या घरी गेलो. आम्ही विज्ञानाची माणसे. यकृताची चित्रे नेली होती, आकडे नेले होते. तासभर आम्ही बोलत होतो आणि तो ऐकत होता. शेवटी तो हसून म्हणाला, "झालं तुमचं? चला, आता जेवू या." पुढे तो आम्हाला टाळू लागला आणि आम्हीही "त्याचीच इच्छा नाही" म्हणून गप्प बसलो. तो चाळिशी ओलांडून जेमतेम वर्षभर जगला.

आमच्या माहितीत चूक नव्हती. तरी आमचे कुठे चुकले? त्या शिक्षकांना उत्तर देण्यासाठी आम्ही या विषयाचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा ते हळूहळू उमगले.

सरकारचे लक्ष बाटलीकडे

दारूचा आपल्याकडचा लेखी इतिहास बराचसा कर आणि कायदे यांचा आहे. आजच्या रायगड जिल्ह्यातले, म्हणजे पूर्वीच्या कुलाब्यातले उरण हे एकोणिसाव्या शतकात मोहाच्या दारूच्या भट्ट्यांचे मोठे केंद्र होते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणे आणि विकणे सरकारी नियंत्रणाखाली आणले. १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहफुलांचा कायदा झाला. घरोघरी गाळली जाणारी दारू थांबली, तर सरकारी महसूल वाढेल असा हिशोब त्यामागे होता.

स्वातंत्र्यानंतर हेतू बदलला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यामागे समाजसुधारणेची कळकळ होती. पुढे ही बंदी सैल होत गेली आणि परवाना घेऊन पिण्याची सोय झाली. महामार्गावरच्या पाट्यांवर आजही दिसणारा 'परमिट रूम' हा शब्द त्या काळाची खूण आहे. हेतू महसुलाचा असो की सुधारणेचा, दोन्ही कायद्यांचे लक्ष मुख्यतः बाटलीवर होते. बाटली सुटत नाही अशा माणसाचे काय करायचे, हा प्रश्न बाजूलाच राहिला. समाजाने त्याला 'बेवडा' म्हटले आणि विषय संपवला.

पाप की आजार?

हा प्रश्न प्रथम विचारला तो डॉक्टरांनी. अमेरिकेतल्या बेंजामिन रश या डॉक्टरांनी १७८४ मध्ये कडक दारूच्या परिणामांवर एक पुस्तिका लिहिली आणि अतिमद्यपानाकडे आजार म्हणून पाहण्याची वाट दाखवली. ब्रिटिश आरमारातले डॉक्टर थॉमस ट्रॉटर यांनी १८०४ मध्ये या विषयावर एक ग्रंथच प्रसिद्ध केला. दारूची सवय हा मनाचा आजार आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आरमारातले खलाशी किती पीत हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. ट्रॉटर यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती आम्हाला फार महत्त्वाची वाटते. डॉक्टरांनी आधी रोग्याचा विश्वास मिळवावा आणि मग योग्य संधी पाहून त्याच्यापुढे जणू आरसा धरावा, असा त्यांचा सल्ला होता. आम्ही आमच्या मित्रापुढे तक्ते धरले होते. ते यकृत त्याचे नव्हते, पुस्तकातले होते.

'अल्कोहोलिझम' हा शब्द स्वीडनचे डॉक्टर माग्नुस हुस यांनी १८४९ मध्ये रूढ केला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने तर १९५६ मध्ये, अशा रोग्यांना इतर रोग्यांप्रमाणेच रुग्णालयात दाखल करून घ्यावे अशी भूमिका घेतली. म्हणजे रश यांच्या पुस्तिकेपासून रुग्णालयाच्या खाटेपर्यंत यायला पावणेदोनशे वर्षांच्या आसपास लागली!

हा आजार का म्हणायचा, हे आता आपल्याला बरेच कळले आहे. मेंदूमध्ये चेतापेशींना शांत करणारी आणि उत्तेजित करणारी अशा दोन्ही प्रकारची रसायने असतात. अल्कोहोल शांत करणाऱ्या रसायनाचा, म्हणजे गाबाचा, परिणाम वाढवते आणि उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटचा परिणाम दाबते. रोज दारू मिळू लागली, की मेंदू तोल सांभाळण्यासाठी उलट्या दिशेने जोर लावतो. ही जुळवाजुळव झाली की दारू ही मौज उरत नाही, ती गरज होते. अशा माणसाने एकाएकी पिणे थांबवले, तर मेंदूचा तो उलटा जोर मोकळा सुटतो. हात थरथरतात, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत झटके येतात, तर काहींना दोन-तीन दिवसांनी भास आणि वात होतो. उपचार झाले नाहीत तर यातून मृत्यूही येऊ शकतो. म्हणूनच "खोलीत कोंडून ठेवा, चार दिवसांत उतरेल" हा गावाकडचा उपाय घातक आहे. जुन्या आणि रोजच्या पिणाऱ्याची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुटली पाहिजे. या व्यसनाच्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटाही जवळजवळ निम्मा असतो. एकाच टेबलावर बसून पिणाऱ्या दोन मित्रांपैकी एकालाच व्यसन का लागते, याचे उत्तर काही अंशी येथे मिळते.

पण आजार म्हटले म्हणून आजारी माणूस आपणहून दवाखान्यात जातो असे नाही. त्याला तिथपर्यंत नेते कोण? येथे इतिहास डॉक्टरांकडून मित्रांकडे वळतो.

दोन भेटी

नोव्हेंबर १९३४. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात बिल विल्सन नावाचा एक माणूस घरी पीत बसला होता. शेअर बाजारातले त्याचे काम दारूपायी बुडाले होते आणि तो उपचारांसाठी रुग्णालयाच्या वाऱ्या करून आला होता. त्या दिवशी एबी थॅचर हा त्याचा जुना दोस्त भेटायला आला. एबीही नामांकित पिणारा. बिलने त्याच्यापुढे पेला सरकवला. एबीने तो नको म्हटले. आपण कसे थांबलो, एवढेच त्याने सांगितले. बिलने सोडलीच पाहिजे असा हट्ट मात्र धरला नाही.

बिलने त्या दिवशी दारू सोडली नाही. नंतर काही आठवडे तो पीतच होता. पण एबीचा तो नकार त्याच्या मनात रुतून बसला. ११ डिसेंबर १९३४ रोजी तो पुन्हा टाउन्स रुग्णालयात दाखल झाला, आणि त्यानंतर त्याने आयुष्यात दारूला स्पर्श केला नाही.

दारू सुटल्याच्या उत्साहात बिलने मग इतर पिणाऱ्यांना उपदेश करायचा सपाटा लावला. पाच महिन्यांत एकही माणूस सुधारला नाही! तेव्हा त्याचे डॉक्टर विल्यम सिल्कवर्थ यांनी त्याला समजावले, की प्रवचन थांबव आणि आधी हा आजार काय आहे ते सांग. मे १९३५ मध्ये बिल कामासाठी ॲक्रन या गावी गेला होता. सौदा फिसकटला आणि पिण्याची जबर इच्छा झाली. आपल्याला सावरण्यासाठी दुसऱ्या एखाद्या पिणाऱ्याशी बोलायला हवे, हे त्याला कळले. ओळखीतून गाठ पडली ती डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी. बॉब फक्त पंधरा मिनिटे द्यायला तयार होते. पण संध्याकाळी पाचला सुरू झालेले बोलणे रात्री अकरा वाजून गेले तरी चालले होते. या वेळी बिलने उपदेश केला नाही. त्याने स्वतःची हकिकत सांगितली, आणि मला तुमची मदत हवी आहे असे म्हटले.

बॉब यांचाही मध्ये एकदा तोल गेला. १० जून १९३५ नंतर मात्र ते प्याले नाहीत. तो दिवस 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो. १९५७ मध्ये ही चळवळ भारतात आली आणि मुंबईत तिच्या सभा भरू लागल्या. १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात फादर ज्यो परेरा यांनी 'कृपा फाउंडेशन' सुरू केले. त्यामागेही हीच परंपरा आहे.

एबीचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. त्याची दारू पुन्हा सुरू झाली, सुटली, पुन्हा सुरू झाली. पण बिलने त्याला कधी टाकले नाही आणि आपला पहिला वाटाड्या म्हणून त्याचे ऋण अखेरपर्यंत मानले. पुन्हा घसरणे हा या आजाराचा भाग आहे. त्यामुळे आधीचे सगळे प्रयत्न वाया गेले असे ठरत नाही.

येरवड्याचे अंगण

आपल्या महाराष्ट्रात हा विचार घराघरांत पोचवला तो पुण्याच्या 'मुक्तांगण'ने. ऐंशीच्या दशकात शहरांमध्ये गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, पसरू लागली होती. अनिल अवचट यांनी तिच्याविषयी वृत्तपत्रात लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि केंद्र सुरू करण्यासाठी त्यांनी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली. अनिलरावांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झाले. सुरुवात गर्दच्या निमित्ताने झाली असली, तरी दारूचे रुग्ण तेथे मोठ्या संख्येने आले.

मुक्तांगणाचा निवासी उपचार पस्तीस दिवसांचा असतो. पहिले काही दिवस शरीरातून व्यसन उतरवण्याचे, म्हणजे औषधोपचाराचे. उरलेले दिवस समुपदेशन, गटचर्चा, योगासने, श्रम, खेळ आणि गाणी यांचे. तेथे बरे झालेले अनेक जण पुढे तिथेच समुपदेशक झाले. एबीने बिलसाठी जे केले, ते येथे रोजच्या कामाचा भाग बनले. रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट निघाला, कारण आजार एकाला झाला तरी त्याचे चटके सगळ्या घराला बसतात. बाहेर पडल्यावरही पाठपुराव्याच्या बैठका चालू राहतात. डॉ. अनिता अवचट १९९७ मध्ये गेल्या, अनिलराव २०२२ मध्ये. पण काम थांबले नाही.

बोलण्याची पद्धत मोजता येते का?

आमच्यातला वैज्ञानिक येथे शंका काढणारच. एबीची गोष्ट ही शेवटी एक गोष्ट झाली. बोलण्याच्या पद्धतीने फरक पडतो याला पुरावा काय?

विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये पिणाऱ्यांशी बोलण्याच्या एका पद्धतीवर लेख लिहिला. आपण बदलाच्या बाजूने जितके जोरात बोलू, तितका समोरचा माणूस पिण्याच्या बाजूने बोलू लागतो. म्हणून आपण प्रश्न विचारावेत, ऐकावे, आणि बदलाची कारणे त्याच्याच तोंडून येऊ द्यावीत, हे या पद्धतीचे सार. चांगला शिक्षक उत्तर फळ्यावर न लिहिता मुलाकडून काढून घेतो, तसेच हे.

१९९९ मध्ये मिलर, रॉबर्ट मेयर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. उपचारांना नकार देणाऱ्या पिणाऱ्यांच्या १३० आप्तांना त्यांनी तीन पद्धतींमध्ये विभागले. एका गटाने सगळ्यांनी मिळून त्या माणसाला समोर बसवून जाब विचारायचा होता. या पद्धतीने सुमारे ३० टक्के पिणारे उपचाराला गेले. दुसऱ्या गटाला 'अल-ॲनॉन' या आप्तांच्या संघटनेच्या वाटेने नेले. तेथे प्रमाण १३ टक्के होते, अर्थात तिचा मुख्य हेतू आप्तांना आधार देणे हाच आहे. तिसऱ्या गटाला भांडण टाळून बोलायला, न प्यालेल्या वेळी जवळीक वाढवायला, पिण्याचे परिणाम पाठीशी न घालायला आणि योग्य क्षणी उपचाराचे सुचवायला शिकवले. या गटातले ६४ टक्के पिणारे उपचारांसाठी दाखल झाले.

आमचे कुठे चुकले, ते हे आकडे वाचताना कळले. आम्ही तिघे-चौघे मिळून जाब विचारायला गेलो होतो. आणि त्याहून मोठी चूक म्हणजे, आम्ही एकदाच गेलो.

त्या शिक्षकांना आम्ही काय लिहिले

हे सारे वाचून झाल्यावर आम्ही त्या शिक्षकांना एक पत्र लिहिले. त्यातला सारांश असा.

एकटे जा आणि सकाळी जा, ते प्यालेले नसतील तेव्हा. 'दारुडा', 'बेवडा' हे शब्द नकोत. तुम्ही डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगा. "मंगळवारी खडू धरताना तुमचा हात थरथरत होता, मला काळजी वाटली," असे. मग विचारा, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" आणि थांबा. ते थांबणे सगळ्यात अवघड असते.

त्यांचे तास गुपचूप घेणे आणि मुख्याध्यापकांना खोटी कारणे सांगणे बंद करा. पण हे त्यांना आधी सांगून करा. ती शिक्षा नव्हे. आपण झाकत राहिलो, तर आरसा कधी समोर येणारच नाही.

त्यांना न सांगता जेवणात कालवायच्या पुड्यांच्या जाहिराती दिसतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका. डायसल्फिराम हे औषध १९४८ पासून माहीत आहे. अल्कोहोलचे शरीरात आधी ॲसिटाल्डिहाइड होते आणि मग त्याचे ॲसेटिक आम्ल. हे औषध दुसरी पायरी अडवते. त्यामुळे दारू प्यायल्यावर विषारी ॲसिटाल्डिहाइड साचते, चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते उपयोगी पडते. चोरून दिले, तर जिवावर बेतू शकते आणि विश्वास तर नक्कीच जातो.

माहिती खिशात तयार ठेवा. 'हो' म्हणायचा क्षण लहान असतो, तेव्हा पत्ते शोधत बसू नये. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मदतवाहिनी १४४४६ वर आहे आणि मानसिक आरोग्याची 'टेली-मानस' सेवा १४४१६ वर. केंद्रात डॉक्टर आहेत का, मारहाण किंवा कोंडून ठेवणे होत नाही ना, घरच्यांना भेटता येते का, हे आधी विचारून घ्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कक्षेत दारूशी निगडित मानसिक आजारही येतात. त्यामुळे अशा रुग्णालाही सन्मानाने वागवले जाण्याचा हक्क आहे. त्यांनी होकार दिला, तर बरोबर जा. आणि पस्तीस दिवसांनी परत येतील, तेव्हाही स्टाफरूममधली त्यांची खुर्ची जागेवर असू द्या.

पत्राच्या शेवटी आम्ही एक आकडा लिहिला. दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे २ कोटी ९० लाख लोक दारूवर अवलंबून आहेत. त्यांच्यापैकी ३८ जणांमागे एकालाच कोणत्याही प्रकारचा उपचार मिळतो, आणि दाखल होऊन उपचार घेणारा तर १८० जणांमागे एक. उरलेल्यांपर्यंत पोचायला देशात पुरेसे डॉक्टर नाहीत. पण त्यांच्यातल्या बहुतेकांना एखादा तरी मित्र असेल.

दिवाळीनंतर त्या शिक्षकांचा फोन आला. पहिल्या वेळी गणिताचे सर चिडून उठून गेले होते. दुसऱ्या वेळी विषय बदलला. तरी हे चहाला जात राहिले. तिसऱ्या वेळी सर बराच वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी विचारले, "किती दिवस राहावं लागतं?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" आम्ही विचारले.

"पस्तीस," ते म्हणाले. "आणि तोवर दहावीची भूमिती मी घेईन, असंही सांगितलं."